सासऱ्यांच्या खांद्याला दोरी

माझे सासरे सुतार. दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवणं हा त्यांचा जोडधंदा. माळ्यावरून फळ्या उतरवताना शिडी सरकली आणि ते उजव्या खांद्यावर आपटले. गळ्याजवळचं हाड, ज्याला डॉक्टर कॉलरबोन म्हणतात, ते मोडलं. ऑपरेशन करून धातूची पट्टी आणि स्क्रू बसवावे लागतील, असं डॉक्टर म्हणाले. स्क्रू ऐकल्यावर बाबांची पाचावर धारण बसली.

"जुन्या लाकडात स्क्रू मारला की ते फाटतं," घरी आल्यावर ते म्हणाले. "मला नाही मारून घ्यायचे."

मी समजावलं, सासूबाई रडल्या. पण सुंभ जळेल, पीळ जाणार नाही. खुर्चीचा निखळलेला सांधा चिकटवताना ते भोवती दोरी गुंडाळतात, तीत काठी घालून पिळतात आणि सरस वाळेपर्यंत तसंच ठेवतात. स्वतःच्या खांद्यालाही त्यांनी तोच न्याय लावला. पीळ द्यायला सासूबाईंना बसवलं.

"आणि सरस कुठून आणणार?" मी चिडून विचारलं.

"तो आतून सुटतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप त्यांच्या हातून पडला. बोटं निळसर दिसत होती. मी अंगठ्याला टाचणी टोचली, तर त्यांना कळलंच नाही. त्याच अंगठ्याने ते फळीवरचं बारीकसं कुसळही शोधायचे.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी दोरी कापली, मग खडसावलं. हाडाचं टोक आत शिरांवर दाबलं गेलं होतं. "ऑपरेशन आजच. बोटांत जाणीव परत येईलच, असं सांगता येत नाही."

बाबांनी एकच विचारलं, "स्क्रूच्या आधी भोक पाडता ना?"

"पाडतो, मापाचं."

"मग हळू पाडा, साहेब." डाव्या हाताने त्यांनी माझा हात धरला.

बाहेर बाकावर सासूबाई आपल्या तळव्यांकडे बघत बसल्या. "मीच पिळलं गं," एवढंच परत परत म्हणत होत्या. हात गेला, तर हा माणूस घरात नुसता बसून कसा जगेल?

बाबा शुद्धीवर आले. नर्सने त्यांच्या मांडीवर लाकडी ट्रे ठेवला. हाताच्या झोळीतून बाहेर आलेला उजवा अंगठा ट्रेच्या कडेला टेकला, जरासा सरकला, थांबला, पुन्हा सरकला. आम्ही दोघी बघत होतो.

"ही कड," बाबा जड जिभेने पुटपुटले, "कुणी घासलीच नाही. काय कामं करतात हल्ली!"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मी ट्रे घट्ट धरून ठेवला आणि म्हटलं, "अजून नावं ठेवा, बाबा."