सांबारवडी शोधली की मी निघायचो

बसा, चहा उकळेपर्यंत सांगून टाकतो. तसंही भिलाईतल्या बऱ्याच मराठी घरांना हे कळलेलं आहे, मग तुम्हीच कावून, का म्हणून मागे राहायचं? फक्त हसायचं ते शेवटी हसा. मधे हसलात की माझी लिंक तुटते, आणि लिंकनंच माझा घात केलेला आहे.

भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झालो आणि आम्ही इथेच रिसालीत स्वतःचं घर बांधून राहायला आलो. माझी सगळी नोकरी पाइपलाइनमध्ये गेली. पाणी म्हणा, वाफ म्हणा, गॅस म्हणा, इथून निघालेली वस्तू तिथे पोचली पाहिजे, हे पाहायचं. पाइपाला पाइप जोडायचा, जोडला की गळती तपासायची. घरी बसलो आणि जोडायला काही उरलंच नाही.

आमच्या शोभाचं नेमकं उलटं झालं. इतकी वर्षं माझा डबा आणि मुलीची शाळा यात अडकलेली बाई, ती मोकळी झाली आणि तिनं सांबारवडीचा धंदा काढला. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेलच. हिवाळ्यात सांबार स्वस्त झाला की बेसनाच्या पातळ पारीत खसखस, खोबरं आणि सांबाराचं सारण भरायचं, वळायचं आणि तळायचं. शोभाची वडी तोंडात टाकली की माणूस थोडा वेळ बोलत नाही. मी स्वतः बोललो नाही, यावरून समजा.

पुण्यात वेबसाइटींच्या कंपनीत असलेल्या आमच्या मुलीनं, पल्लवीनं, दिवाळीत येऊन आईला एक छोटी वेबसाइट करून दिली. वडीचं एक पान, लाडवाचं एक पान, कुरडईचं एक पान, खाली फोन नंबर. आणि मी आजूबाजूला घुटमळत होतो म्हणून 'आमच्याविषयी' असं एक पान माझ्यासाठी. त्यावर काय टाकायचं ते तुम्ही टाका बाबा, म्हणाली.

चमत्कार म्हणजे साइट चालली. कोणी मोबाइलवर 'भिलाई सांबारवडी' असं शोधलं की सगळ्यात वर शोभाच्या वडीचं पान यायचं. वैशाली नगरहून फोन, चरोद्याहून फोन. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतलं महिला मंडळ तर संक्रांतीच्या मेळाव्याला सगळी सांबारवडी शोभाकडूनच घेणार होतं. बोलणं झालं होतं, फक्त पक्का आकडा कळवायचा होता. शोभा त्या दिवसांत गुणगुणत काम करायची. मी तिला गुणगुणताना कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

सगळं इतकं चांगलं चाललेलं असताना मी गप्प बसलो असतो, तर आज तुम्हाला नुसता चहा मिळाला असता.

पल्लवी पुण्याला परत जाताना सहज म्हणाली होती की बाबा, साइटची पानं एकमेकांना जोडलेली असावीत, म्हणजे वाचणारा एका पानावरून दुसऱ्यावर जातो. जोडलेली असावीत! हा शब्द तिनं कोणासमोर उच्चारला, याचा तिला अंदाज नव्हता. लिंक म्हणजे काय हो, पाइपच. मी कॉम्प्युटरसमोर बसलो.

आधी माझं 'आमच्याविषयी'चं पान सजवलं. माझ्या निरोप समारंभाचं भाषण घरात होतंच, ते जसंच्या तसं उतरवून काढलं. 'मनोहरराव हे अत्यंत शिस्तप्रिय अधिकारी होते. कामात ते कधीही कोणाची गय करत नसत. त्यांच्या जाण्याने विभाग पोरका झाला आहे.' सोबत त्याच समारंभातला फोटो लावला, गळ्यात झेंडूचा हार घातलेला. शर्टाचा रंग भडक दिसत होता म्हणून फोटो काळापांढरा करून घेतला. मला तर फार भारदस्त वाटला. या पानाचा पत्ता मी कॉपी करून जुन्या मित्रांच्या ग्रुपवर पाठवला.

मग जोडणी सुरू केली. साइटवर जिथे जिथे 'सांबारवडी' हा शब्द आला, तिथे तिथे लिंक. लाडवाच्या पानावर लिंक, कुरडईच्या पानावर लिंक, एकेका ओळीत दोन-दोन. 'इथे पाहा' असं लिहून त्यालाही लिंक. पानं निळीशार झाली. वरच्या मेनूतून वडीचं नाव मी काढूनच टाकलं, कारण आता जिकडे बोट लावाल तिकडून वडीकडेच जाल, मग वर वेगळी पाटी कशाला?

आता ऐका. वडीच्या पानाचा पत्ता मी कॉपी केला, अशी माझी समजूत होती. तो झालाच नव्हता. कॉम्प्युटरच्या पोटात अजून माझ्याच पानाचा पत्ता होता, आणि मी शांतपणे तोच सगळीकडे चिकटवत गेलो. जोडणी केल्यावर गळती तपासा, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं. स्वतः एकदाही दाबून पाहिलं नाही. आपण जोडलेलं तपासायचं म्हणजे आपल्यावरच अविश्वास, नाही का?

थोड्याच दिवसांत फोन कमी झाले. मग बंदच झाले. शोभाचं गुणगुणणंही थांबलं. आधी तिला वाटलं बेसन खराब आलं. चक्की बदलली. मग खसखस बदलली. एके दुपारी माझ्यापुढे बशी ठेवून ती समोर बसली आणि हळूच म्हणाली, "खरं सांगा, माझ्या हाताची चव गेली का?"

वडी नेहमीसारखीच होती. पण मी पडलो अधिकारी माणूस. मी तिला म्हणालो की गिऱ्हाईक उगाच तुटत नाही, क्वालिटीकडे लक्ष द्यावं लागतं. ती बशी उचलून आत गेली. आणि मी तिला मदत व्हावी म्हणून कॉम्प्युटर उघडून आणखी लिंका जोडल्या.

मग एका सकाळी शोभा सांबार आणायला बाजारात गेलेली असताना दाराची बेल वाजली. मी बनियनवर होतो. बाहेर पांढऱ्या साडीतल्या एक बाई उभ्या होत्या, हातात डबा. म्हणाल्या, मी चरोद्याची ढोके. महिला मंडळाच्या याच अध्यक्ष. वड्या न्यायला एकदा येऊन गेल्या होत्या, पण तेव्हा मी फिरायला गेलेलो. त्यांनी मला पाहिलं नव्हतं, मी त्यांना.

आत येऊन त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या. डबा टेबलावर ठेवला. पिठलं-भात आहे म्हणाल्या, शोभाताईंनी दोन घास खाल्ले पाहिजेत. मला काही समजेना. वड्या न्यायला आलेली बाई स्वतःच डबा कावून आणते?

मग त्यांनी पदर तोंडाला लावला. "भाऊ, तुमच्या भावाचं कळलं. लय वाईट वाटलं जी."

 माझा धाकटा भाऊ प्रभाकर वर्ध्याला असतो आणि त्याचं हृदयाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. चरोद्यापर्यंत बातमी पोचली आणि मला कोणी सांगितलं नाही? शोभाला माहीत असेल, म्हणून ती इतके दिवस गप्प होती, असंही डोक्यात येऊन गेलं. खोटं वाटेल तुम्हाला, पण त्या क्षणी मी लहानपणापासूनचा प्रभाकर पाहिला. मी मोबाइल उचलला. नंबर लावला. त्याची बायको उचलेल आणि रडेल, अशी मनाची तयारी केली.

"बोल दादा," पलीकडून प्रभाकरच बोलला. तोंडात घास होता.

मला हुंदकाच फुटला. तो घाबरला. "दादा, कावून रडून राहिला तू? वहिनीले काही झालं का?" मी म्हटलं काही नाही, तू जेव, सावकाश जेव, आणि फोन ठेवला.

डोळे पुसले आणि ढोकेबाईंना विचारलं की बाई, माझा भाऊ तर तिकडे जेवण करून राहिला, तुम्ही कोणाचं ऐकलं? त्या गोंधळल्या. पर्समधून मोबाइल काढला आणि सांगू लागल्या. वड्यांचा आकडा कळवायला त्यांनी साइट शोधली होती. 'भिलाई सांबारवडी' टाकलं तर वडीच्या जागी हार घातलेला फोटो आला. वाटलं चुकून आला असेल, म्हणून साइटवर जाऊन 'सांबारवडी' दाबलं. पुन्हा तोच फोटो. 'इथे पाहा' दाबलं. पुन्हा तोच. खाली लिहिलेलं, यांच्या जाण्याने विभाग पोरका झाला. त्यांनी मंडळात सांगितलं, मंडळानं ओळखीपाळखीत सांगितलं. सुतकाच्या घरी वड्यांसाठी फोन कोण करणार?

त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. काळापांढरा मी. कलप लावलेले केस, झेंडूचा हार, भारदस्त.

"हा मी आहे," मी म्हणालो.

त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग पांढऱ्या केसांच्या, बनियनमधल्या, नाक लाल झालेल्या माझ्याकडे पाहिलं. "मले वाटलं तुम्ही यांचे मोठे भाऊ," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि शोभा आत आली. कपाळावर ठसठशीत कुंकू, दोन्ही हातांत सांबाराच्या पिशव्या. ते कुंकू पाहून ढोकेबाई उठल्या आणि रडतच तिच्या गळ्यात पडल्या. शोभाला वाटलं त्यांच्या घरी काही झालं, म्हणून तीही त्यांची पाठ थोपटू लागली. एकमेकींचं सांत्वन बराच वेळ चाललं. मी तोवर अंगात शर्ट घालून आलो.

शेवटी ढोकेबाईंनीच तिला मोबाइल दाखवला. शोभानं माझं पान पहिल्यांदाच वाचलं. सावकाश, शेवटपर्यंत. मग म्हणाली, "शिस्तप्रिय होते?"

मी म्हटलं ते भाषणातलं आहे. ती लाडवाच्या पानावर गेली आणि 'सांबारवडी' दाबलं. मी आलो. कुरडईच्या पानावर गेली, दाबलं. मी आलो. तिनं मोबाइल परत दिला आणि आत जाऊन भिंतीला धरून हसली की रडली, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बाहेर आली तेव्हा डोळे ओले होते. एवढंच म्हणाली, "म्हणजे माझ्या हाताची चव गेली नव्हती."

तुम्हाला सांगतो, भावाच्या बातमीतही मी उभा होतो, पण या वाक्यानं मी खाली बसलो. तिची माफी मागितली. ढोकेबाईंच्या समोरच मागितली. मग आम्ही तिघांनी माझ्या सुतकाचं पिठलं-भात खाल्लं. छान झालं होतं. मेळाव्याच्या वड्या मात्र वैशाली नगरच्या एका बाईंकडे दिल्या गेल्या होत्या, ते आता फिरवता येण्यासारखं नव्हतं. शोभानं मान हलवली आणि वरून एक वडी ढोकेबाईंच्या ताटात वाढली.

संध्याकाळी पल्लवीला फोन केला. तिनं साइट उघडली आणि एकेक लिंक दाबून पाहिली. मग तिनं मला समजावलं. लिंक म्हणजे नुसता रस्ता नाही, ती साक्ष असते. आपली पानं ज्या शब्दानं ज्या पानाकडे बोट दाखवतात, त्यावरून सर्चवाले ठरवतात की ते पान कशाचं आहे. "बाबा, तुम्ही साइटच्या कानाकोपऱ्यातून ओरडून सांगितलं की सांबारवडी म्हणजे तुम्ही," ती म्हणाली. "आणि खऱ्या वडीच्या पानाकडे जायला एकही वाट ठेवली नाही. मेनूतूनही काढली. मग ते पान आहे, हे कोणाला कसं कळणार?"

मी विचारलं, पण मी जोडण्या तर भरपूर केल्या होत्या. ती म्हणाली, तेच तर. ओळीओळीत लिंका ठासल्या की वाचणारा कंटाळतो आणि कुठली महत्त्वाची तेही कळत नाही. मोजक्या असाव्यात, जिथे गरज असेल तिथे, आणि त्या भलतीकडे नेत नाहीत ना ते दाबून पाहावं. गळती तपासावी, असा शब्द तिनं वापरला नाही. ते माझं मलाच ऐकू आलं.

तिनं पुण्याहून सगळ्या लिंका काढल्या, वडी पुन्हा मेनूत आणली. सर्चमध्ये पान पहिल्यासारखं वर यायला बरेच दिवस लागले. खाली जायला वेळ लागत नाही, परत वर यायला लागतो. पण आलं. फोन पुन्हा वाजू लागले. काही गिऱ्हाईक आधी जरा अडखळून विचारायचे, की घरी सगळे ठीक ना? शोभा म्हणायची, हो, आहेत.

परवा मी सहज माझं पान पाहावं म्हणून साइट उघडली. वडी सापडली, लाडू सापडले, कुरडई सापडली. माझं पान सापडेना. पल्लवीला फोन केला की माझं पान उडवलं का. ती म्हणाली, नाही बाबा, कसं उडवीन, आहे तिथेच आहे. फक्त त्याच्याकडे जाणारी लिंक कुठेच ठेवलेली नाही.

मला वाईट वाटलं. स्वयंपाकघरात जाऊन शोभाला म्हटलं, "अगं, साइटवर मी कुठेच सापडत नाही."

तिनं कढईतली वडी परतली. माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "गिऱ्हाइकाची तर अजून काही तक्रार आली नाही."