गिरजाबाईची तार

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, आणि खरं सांगायचं तर निम्म्यांवर हसलोयसुद्धा. मागून येणारी पावलं, झाडाखाली बसलेली बाई... असलं मला कधी पटलं नाही, आजही पटत नाही. सगळी नोकरी तारखात्यात गेली. वायर जोडली की टिकटिक, सोडली की गप्प — एवढंच माझं अध्यात्म! पण एका दुपारपुढे माझं काही चालत नाही. सूनबाई म्हणाली, "बाबा, मला किती वेळा सांगाल? लोकांना सांगा, मी टाईप करते." म्हणून सांगतोय.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी मूळचा जानेफळचा, नोकरीला खामगाव भागात. त्या उन्हाळ्यात वादळ आणि गारपीट झाली आणि पिंपळगाव राजाची तारेची लाइन कोलमडली. नाल्याजवळचे खांब आडवे झाले, पोस्टातलं यंत्रही जळालं. त्यात लग्नसराई. पिंपळगावच्या तारा आमच्या खामगावच्या मोठ्या तारघरात साचून राहिल्या. मला नवीन यंत्र देऊन पाठवलं — तिकडे बसवून तयार ठेव, लाइन जुळली की साचलेल्या सगळ्या तारा ओळीनं घे.

इथे आमची एक रीत सांगायला हवी. तार पाठवणारा चावी दाबतो, घेणाऱ्याकडे साउंडर नावाचं पितळी यंत्र कट्ट-कट्ट वाजतं, आणि त्या आवाजावरून तो अक्षरं लिहून घेतो. घेऊन झालं की उलट एक खूण वाजवायची — मिळाली. तिला आम्ही पावती म्हणायचो. पावती येईपर्यंत पाठवणाऱ्यानं त्या तारेचा कागद टेबलावरच्या खिळ्यावरून काढायचा नाही, पुन्हा पुन्हा वाजवत राहायचं.

हे मला शिकवलं अण्णांनी. आमचे जुने तारमास्तर. "पावती आल्याबिगर खिळ्याले हात लावाचा नाही, पोट्टेहो! मंग जेवाची वेळ होवो का मराची." अण्णांचा हात जड होता, लांब ठोका ते अंमळ जास्तच लांबवायचे. आणि पावती मिळाली की शेवटी दोन हलके ठोके द्यायचे, म्हणजे 'बरं आहे'. नियमात न बसणारी सवय, पण अण्णांना कोण बोलणार? जसं अक्षर ओळखू येतं तसा आम्हाला माणसाचा हात ओळखू येतो. अण्णा गेले तेसुद्धा खुर्चीतच, तार देता देता, चावीवर हात ठेवून. त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

पिंपळगावचं पोस्ट म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. मागे गिरजाबाईंचा भाजीचा मळा. पोस्टमास्तर जगन्नाथरावांनी माझ्या जेवणाची सोय त्यांच्याकडेच लावली होती. पहिल्याच दिवशी भाकर वाढता वाढता बाईंनी विचारलं, "मास्तर, एक इचारू काय? तार हरपते काय हो कधी?"

मी ताठ मानेनं सांगितलं, "तार हरपत नाही बाई. उशीर होते, पण पोचतेच."

बाईंचा हात भाकरीवरच थांबला.

संध्याकाळी जगन्नाथरावांनी मला फैलावर घेतलं. "काऊन हो, काय सांगतलं तुमी तिले?" मग सगळं कळलं. बाईंचं माहेर खामगावचं. बऱ्याच वर्षांपूर्वी वडील अत्यवस्थ होते तेव्हा भावानं, सदाशिवनं, तार केली म्हणे. बाईंना ती मिळालीच नाही. निरोप पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. 'भावानं मले बापाचं तोंड पाहू देलं नाही' हे बाईंच्या मनात बसलं ते बसलंच. तेव्हापासून राखी नाही, भाऊबीज नाही. आता सदाशिवच्या मुलीचं लग्न होतं, त्यानं माणसाहाती अक्षता धाडल्या होत्या, आणि बाईंचं जावं की नाही चाललं होतं.

"तुमी ते मोडून टाकलं," जगन्नाथराव म्हणाले. "ते म्हंते, तार हरपतच नाही तं भाऊच लबाड. नाही जात म्या लग्नाले. आता हे माहेर तुटलं समजा."

मला फार वाईट वाटलं. भाकर तिच्या हातची खायची आणि तिचं माहेर तोडायचं! पण खोटं तरी काय बोललो होतो मी?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी यंत्र बसवून झालं. बाहेर ऊन रणरणत होतं, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. लाइनमन अजून नाल्यावरच होते. बाहेरून आलेली लाइनची वायर मी यंत्राला लावलीही नव्हती, ती वेटोळं करून भिंतीच्या खिळ्याला टांगली होती. चावी दाबून साउंडर तपासला, ठीक वाजला. म्हणून पाणी प्यायला उठलो...

आणि साउंडर वाजायला लागला.

आधी वाटलं, चावी अडकली. पाहिलं — नाही. बॅटरीची जोडणी काढून टाकली. तरी वाजतच होता. वेटोळं भिंतीवर जसंच्या तसं. जगन्नाथराव आतल्या खोलीतून उठून आले.

"लाइन आली काय?"

"नाही."

"मंग हे काय वाजून राह्यलं?"

म्हणजे त्यांनाही ऐकू येत होतं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढे लोक म्हणाले उन्हाचा त्रास झाला असेल.

सवयीनं मी पेन्सिल उचलली. नाव आलं गिरजाबाईंचं. गाव पिंपळगाव राजा. फादर सिरियस स्टार्ट इमिजिएटली. खाली सदाशिव. मग शांतता, जेवढा वेळ पावतीसाठी थांबतात तेवढीच. आणि पुन्हा तीच तार. पुन्हा थांबणं. पुन्हा तीच. लांब ठोका अंमळ जास्तच लांबवलेला... हात ओळखायला मला वेळ लागला नाही. अण्णा!

भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त काय वाटलं सांगू? दया आली. म्हातारा किती वर्षं या एका पावतीसाठी थांबलाय, असं वाटलं. मी चावीवर हात ठेवला आणि पावती दिली. मिळाली.

क्षणभर काहीच नाही. मग दोन हलके ठोके. त्यानंतर साउंडर गप्प झाला.

कागद घेऊन मी मळ्यात गेलो. गावात तार म्हणजे वाईटच बातमी. बाईंनी दुरूनच माझ्या हातातला कागद पाहिला आणि वांग्यांच्या सरीतच खाली बसल्या. मी मजकूर वाचून दाखवला, त्याचा अर्थ सांगितला.

"बाबाले जाऊन तं किती वरसं झाले, मास्तर..."

"हाव बाई. पण हे आत्ता आली. कशी आली ते मले सांगता येत नाही."

वाचता येत नव्हतं तरी त्यांनी कागद हातात घेऊन अक्षरांवरून बोट फिरवलं. मग पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. "म्हंजे दादा खरं बोलत होता," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

संध्याकाळी लाइन जुळली. साचलेल्या सगळ्या तारा नीट आल्या. खामगावहून तारा देणाऱ्या गड्याला मी चावीवरूनच विचारलं, दुपारी काही पाठवलं होतं का? तो उलट मलाच म्हणाला, "दुपारी लाइन होती कुठी बे!"

दुसऱ्या दिवशी खामगावच्या एसटीत गिरजाबाई माझ्या पुढच्याच बाकावर होत्या, नवं लुगडं, मांडीवर गाठोडं. स्टँडवर सदाशिव पाहुणे उतरवून घ्यायला उभा होता. बहीण उतरताना दिसली आणि त्याचा चेहराच बदलला. एवढ्या वर्षांनी पहिलं काय बोलावं? बिचारा तेच जुनं बोलला.

"गिरजे, म्या तार केली होती वं."

"हाव दादा," बाई म्हणाल्या. "भेटली."

कधी भेटली ते त्यांनी सांगितलं नाही. मीही नाही.

खात्यातल्या एका इंजिनिअरला मी हे सांगितलं होतं. त्यानं जवळून गेलेली दुसरी लाइन, हवेतली वीज असं बरंच काही समजावलं. मी मान हलवली. पण हवेतल्या विजेला गिरजाबाईंचं नाव कुठून ठाऊक? आणि ते दोन ठोके? आता तर तारखातंच बंद झालं, चाव्या भंगारात गेल्या. सूनबाईनं हे टाईप करता करता मध्येच थांबून विचारलं, "बाबा, तुम्ही पावती दिली नसती तर?"

तर अण्णा वाजवतच राहिले असते. आणखी कुणाच्या तारा अशाच खिळ्यावर राहिल्या असतील, आणि त्यांना पावती देणारं आता कुणीच नाही... हा विचार मनात आला की मी उठून रेडिओ मोठ्यानं लावतो.