फ्लॉपीची पूजा

सातपूरच्या आमच्या कारखान्यात १९८७ साली कॉम्प्युटर आला आणि त्याच्याबरोबर कॉम्प्युटरवाल्यांचा तोराही आला. खोलीला एसी, दाराबाहेर चपलांची रांग आणि आत सावळीराम आहेर. टाइम ऑफिसात हजेरी मांडणाऱ्या आम्हा कारकुनांना तो 'मठ्ठ पब्लिक' म्हणायचा, तेही आम्हाला ऐकू जाईल असं. मशीन अडलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "हात कोणी लावला?" मग कोणीच लावलेला नसायचा. आम्ही काय दूधखुळे होतो?

त्याच्या हाताखालचा झुंबर पगारे मात्र निराळा. नामपूरच्या हमालाचा मुलगा, स्कॉलरशिपवर डिप्लोमा केलेला. तो आला की खुर्ची ओढून शेजारी बसायचा आणि म्हणायचा, "तुम्ही काय करत होता, ते मला करून दाखवा." चूक सापडली तरी हसायचा नाही. एवढा धीर कुठून आणतोस, असं मी एकदा विचारलं.

"धीर कसला? माणूस घाबरला की खोटं बोलतो. मग मी दिवसभर भलतीकडेच बिघाड शोधत बसतो. मला वेळेवर घरी जायचं असतं."

मला हा माणूस फार आवडायचा.

खंडेनवमीला सगळ्या मशिनांची पूजा झाली. दसऱ्याची सुट्टी संपवून आलो, तर महिन्याच्या हजेरीची फ्लॉपी वाचली जाईना. दिवाळीचे पगार तिच्यावरूनच निघायचे होते. आहेरने आम्हा सगळ्यांना उभं करून झाडलं. नेहमीसारखाच कोणी हात लावलेला नव्हता. तेव्हा त्याने कपाटातून त्या फ्लॉपीची दुसरी, एकुलती एक प्रत काढली आणि त्याच मशीनमध्ये घालायला निघाला.

माझ्या शेजारी कमळाबाई उभी होती. तिचा नवरा आमच्याच कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये कामाला होता. तो वारल्यावर तिला साफसफाईला टेम्पररी लावून घेतलं होतं आणि पर्मनंटची ऑर्डर दिवाळीला निघायची होती. घरात दोन पोरं. ती बोलली, पण आहेरकडे नाही, झुंबरकडे बघून.

"भाऊ, थांबवा त्यांना. म्या त्या पहिल्या फ्लॉपीला कुंकू लावलं हाय. तिच्या खिडकीतून काळी चकती दिसती ना, तिलाच."

झुंबरने आहेरचा हात धरला. "कुंकू आता मशीनच्या आत लागलंय. ही घातली तर हीसुद्धा जाईल." मग तिला म्हणाला, "ताई, बोललात ते फार बरं झालं." त्याने मशीन उघडून आतून नीट पुसलं, मगच दुसरी प्रत घातली. हजेरी जशीच्या तशी पडद्यावर आली.  मला मात्र कमळाबाईच्या ऑर्डरची काळजी वाटत होती.

संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी लेखी खुलासा मागितला, चुकणाऱ्याच्या नावासकट. मी हजेरीचे कागद घेऊन तिथेच उभा होतो. झुंबरने लिहून दिलं, 'फ्लॉपीला कुंकू लावू नये, हे सांगायचं आमच्याकडून राहिलं. चूक माझी. झुंबर पगारे.'

साहेबांनी वाचलं. "कुंकू कोणी लावलं ते आहेरने मला सांगितलंय. तू कशाला मध्ये पडतोस? हा ठपका तुझ्या फाइलीत कायमचा राहील."

"राहू द्या साहेब," झुंबर म्हणाला. "मी पर्मनंट आहे."