फिक्कट करू नकोस गं

घानातल्या कुमासीत अंत्यविधीच्या फिल्मा करणारे पैशाला पासरी मिळतील, पण मेलेल्या माणसाला पडद्यावर आणावं ते डुफीनंच! खाली ढोल वाजताहेत, आणि वर आभाळात म्हातारा अर्धवट पारदर्शक होऊन आपल्या गोताकडे बघतोय. अंगावर काटा यायचा. त्याला किती विरघळवायचा आणि किती ठेवायचा, ते डुफीच्या बोटांना बरोबर कळायचं.

मामे पोकुआ तिच्याकडे आली ती नवरा मातीआड झाल्यावर. मुलगा बोआतेन हॅम्बुर्गला. कागदपत्रं अपुरी, एकदा बाहेर पडला की परत आत घेणार नव्हते. बापाच्या मातीला येऊ शकला नाही. मामेनं दिवसभर शेजारची खुर्ची त्याच्यासाठी रिकामी ठेवली होती. त्यावरून नणंद बिरागोनं सगळ्यांदेखत टोमणा मारला होता, "बापाला खांदा काय ही खुर्ची देणार?"

"वर्षाच्या कार्याला सगळे त्या दिवसाची फिल्म बघणार. माझ्या लेकाला तेवढं त्या खुर्चीत बसव गं," मामे म्हणाली. "नाहीतर त्याचं नाव टाकतील ही माणसं."

डुफीनं बोआतेनला फोन लावला. "भिंतीला हिरवी चादर लाव, काळं कापड नेस आणि हाताच्या खुर्चीत बस. हात नीट दिसू दे." त्यानं सगळं केलं. वर ढसाढसा रडलाही, ते काही तिनं सांगितलं नव्हतं.

मागचा हिरवा रंग काढून डुफीनं त्याला फिल्ममधल्या खुर्चीत बसवला, पण केसांच्या कडेला हिरवट झालर राहिली. कडा लपाव्यात म्हणून तिनं त्याला जरासा पारदर्शक केला. छान मिसळला! कौतुकानं तिनं मामेला बोलावलं.

मामेनं पडद्याकडे पाहिलं आणि किंचाळलीच. "माझा बोआतेन गेला? कधी गेला? मला सांगितलं कसं नाही कुणी?"

अर्धा दिसला की मेला, हे गावाला शिकवलं कुणी? तिनंच!

"आहे गं मामे, धडधाकट आहे! माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं," म्हणत तिनं घाईघाईनं फोन लावून दिला.

"जेवत होतो, आई. का रडतेस?" पलीकडून आवाज आला, तेव्हा कुठे मामेच्या जिवात जीव आला.

मग डुफी हट्टाला पेटली. एकेक चित्र थांबवून तिनं कडा हातानं कोरल्या, बोआतेनला भरीव केला, खुर्चीखाली त्याची सावली टाकली. आणि तेव्हा तिला दिसलं, की फिल्ममध्ये मामेचा हात सारा वेळ त्या रिकाम्या खुर्चीच्या हातावर होता. डुफीनं तो हात वेगळा कापला आणि बोआतेनच्या हातावर आणून ठेवला. अशी नजर लाखात एखाद्याला असते, मी सांगतो!

वर्षाच्या कार्याला अंगणात पडदा लागला. बिरागो उठून उभीच राहिली. "हा कधी आला होता? मी तर सकाळपासून तिथंच होते!"

"तू खाण्यात होतीस," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे खो खो हसले.

मामे हसली नाही. पडद्यावर तिचा हात लेकाच्या हातावर होता, आणि ती मांडीवरचा आपला तळवा उलटासुलटा करून बघत होती. फिल्म संपल्यावर तिनं डुफीला जवळ ओढलं.

"मी गेले की माझी फिल्मही तूच कर. मला तुला हवी तेवढी फिक्कट कर," ती म्हणाली. "पण माझा हात असाच ठेव. त्याच्या हातावर."