नकाशावरचं घर

पवनानगरच्या अपेक्षाने गोष्ट रचायचा खेळ पहिल्यांदाच ऑनलाइन घेतला. गोष्ट तिने सांगायची, पात्रं पुण्यातल्या मैत्रिणींनी व्हायचं, निकाल फाशांनी लावायचा. स्क्रीनवर गावाचा नकाशा होता. आजोबांचं, रखमाजी आबांचं धरणात गेलेलं गाव तिने त्यांना विचारून विचारून काढलं होतं. आबा शेजारीच बसले होते.

खेळात गावात राक्षस शिरला.

"सोपं आहे," पुण्याहून मानसी म्हणाली. "नदी अडवू, गाव बुडवू. राक्षस मरेल."

सगळ्यांनी लगेच होकार दिला. दानही मोठं पडलं. अपेक्षा नकाशावर पाण्याचा निळा रंग भरू लागली.

आबांनी बोट स्क्रीनवरच्या आपल्या घरावर ठेवलं.

"जरा दम धरा," ते म्हणाले. "आमची आय आजून घरात हाय."