आत्याचे न धुतलेले पाय

पवित्र गुरुवारी आमच्या चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. प्रभूने मरणाच्या आदल्या संध्याकाळी प्रेमापोटी शिष्यांचे धुतले होते, म्हणून. गंमत अशी, की हे बाराही जण घरूनच पाय घासूनपुसून येतात. हेडमास्तर तर नखंसुद्धा कापून येतात. फादर त्या चकचकीत पायांवर चार थेंब शिंपडतात, टॉवेल टेकवतात, की झालं प्रेम.

या वर्षी नव्या फादरांनी बारावं नाव घेतलं माझ्या आत्याचं. आत्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत तीस वर्षं ओल्या फरशीवर उभी आहे. घरात तिला आम्ही तोफ म्हणतो, अर्थात तिच्या माघारी.

तरुणपणी ओल्या चादरींची गाडी तिच्या डाव्या पायावरून गेली आणि दोन बोटं कापावी लागली. ठरलेलं लग्न मोडलं. तेव्हाचे म्हातारे फादर म्हणाले, "देवाची इच्छा." त्या दिवसापासून तो पाय तिने कुणाला दाखवला नाही. घरातसुद्धा मोजा. देवावरचा राग मात्र कधी झाकला नाही.

"नको जाऊस," बाबा म्हणाले. "उगाच शोभा होईल."

"होऊ दे की! माझ्यावर प्रेम म्हणून जीव दिला म्हणे त्याने. आधी माझा पाय बघ म्हणावं, मग बोल."

आईने गरम पाणी काढलं, साबण पुढे केला. आत्याने बादली पायानेच बाजूला सारली. "घरूनच धुऊन न्यायचे, तर तो फादर काय माझं कपाळ धुणार?" आणि कामावरून आली होती, तशीच निघाली.

अकरा गोरेगोमटे पाय पटापट उरकले. नियम एकाच पायाचा, उजव्या. आत्याच्या भेगांमधून मळ सुटला, तसं खालच्या तसराळ्यातलं पाणी गढूळ झालं. फादरांनी पाय पुसला आणि ते उठू लागले.

"थांबा," आत्या म्हणाली. तिने डाव्या पायाचा मोजा ओढून काढला. "हा राहिला."

पुढच्या बाकावरून कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. मी मान खाली घातली. त्याची मला अजून लाज वाटते. फादर आता 'देवाची इच्छा' म्हणाले असते, तर आत्याने तसराळं त्यांच्या डोक्यावर उपडं केलं असतं.

फादर उठता उठता थांबले. पुन्हा गुडघ्यांवर बसले. बोटं नव्हती तिथल्या आत ओढलेल्या कातडीवरून हळूहळू अंगठा फिरवत राहिले. मग एवढंच विचारलं, "दुखतं का?"

 हा प्रश्न आत्याला आमच्यापैकी कुणीच कधी विचारला नव्हता. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी, शुभ शुक्रवारी, सगळे रांगेने क्रूसाचं चुंबन घेऊन पुढे जात होते. आत्याची पाळी आली आणि रांग थांबली. ती क्रूसावरच्या प्रभूच्या पायातल्या खिळ्याकडे बघत उभी होती.

"पुढे सरका," हेडमास्तर कुजबुजले. "लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत!"

तिने त्या खिळ्याभोवती अंगठा फिरवला आणि साऱ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "फार दुखलं का रे?"