चिंचोकेबाई

आमच्या बाईंच्या पर्समध्ये खडू कमी आणि चिंचोकेच जास्त असायचे. चौसाळ्याकडच्या आमच्या गावच्याच त्या सून. गावच्याच शाळेत शिकवायच्या, पण त्यांना नावाने कोणी हाक मारली नाही. त्या चिंचोकेबाईच.

शाळेच्या अंगणात त्या एक खड्डा करायच्या आणि तो चिंचोक्यांनी भरायच्या. ही गावची विहीर. आम्ही पोरी शेतकरी. ऊस लावायचा तर मूठभर चिंचोके उचलायचे, ज्वारीला दोन-तीन पुरे. जिच्याकडे ऊस जास्त, ती जिंकली. सगळ्या उसावरच तुटून पडायच्या आणि खड्डा बघता बघता रिकामा व्हायचा. मग बाई हात झटकून म्हणायच्या, "संपलं गाव. बांधा बोचकी." आमच्यातल्या कितीतरी पोरी दिवाळी झाली की आई-बापांबरोबर ऊसतोडीला जायच्या. त्या मुठीतले चिंचोके हळूच परत खड्ड्यात टाकायच्या.

पोरींना न्यायला आलेली मोठी माणसंही मग खेळायला बसू लागली, आणि भांडायलाही लागली. एकदा नामदेव आबांनी पटक्यात चिंचोके दडवले. बाई म्हणाल्या, "आबा, पटक्यात बोअर मारला का काय?" अख्खं अंगण हसलं. पण त्याच वर्षी मारुतीच्या पारावर गावाने ठरवलं की नवा बोअर कोणी घ्यायचा नाही आणि ऊस बेतानेच लावायचा. त्या उन्हाळ्यात विहिरीला पाणी टिकलं. पुढच्या दिवाळीनंतरही अर्धा वर्ग जागेवर होता. बाई हजेरी घेताना एकेक नाव मुद्दाम सावकाश घ्यायच्या.

मग बोअरची गाडी आली ती बाईंच्याच शेतात. दिरांनी आणलेली. बाई बांधावर आडव्या उभ्या राहिल्या तर दीर म्हणाले, "वहिनी, खेळ पोरायचा असतो." आठवडा गेला नाही तोच लोक बोलू लागले, "बाईच्याच घरी झालं, मग आमाला कावून अडवता?" गाडी गावातून हललीच नाही.

त्यानंतर एक दिवस आम्ही खड्डा भरून वाट बघत बसलो. बाई आल्या, खड्ड्याजवळ टेकल्या, पण त्यांचा हात काही पुढे होईना. "आज गणितं करू," एवढंच म्हणाल्या. पुढे त्यांनी बदली मागून घेतली. दिरांबद्दल त्यांच्या तोंडून वाकडा शब्द मी कधी ऐकला नाही.

गेल्या उन्हाळ्यात बीडला दवाखान्यात त्यांना भेटले. हाडं तेवढी उरली होती. माझा हात धरून त्यांनी विचारलं, "हिरीला हाय का गं पाणी?"

मी आदल्याच दिवशी गावाहून आले होते. तळातले दगड उघडे पडले होते आणि बाया टँकरची वाट बघत होत्या. मी म्हणाले,

"लई हाय, बाई. पोरं पव्हतेत."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथे थांबवेना. मग लगेच त्या काळजीने म्हणाल्या, "अगं, मग कठडा पायजे. एखादं पोर पडंल. आमच्या भावजींना सांग, ते करतेत."

त्या आठवड्यातच बाई गेल्या. दहाव्याला मी तो निरोप दिला, तेव्हा दीर जमिनीवरच बसले आणि लहान पोरासारखे रडले.

महिन्याभरात त्यांनी त्या कोरड्या विहिरीला कठडा बांधला.